काकूला हाललं, लंबकाला नाही

माझा धंदा लोकांना खुर्चीत बसवून गरगर फिरवण्याचा आहे. हे काम आपल्याकडे पुढारीही करतात. फरक एवढाच की, मी त्यासाठी निवडून आलेलो नाही आणि फिरवल्यावर माणसाला थांबवतोही.

नांदेडला एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. बाहेर पाटी आहे, 'चक्कर व तोल तपासणी'. पण स्टेशनवर ऑटोवाल्याला ती पाटी सांगून उपयोग नाही. 'गरगर डॉक्टर' म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. मी डॉक्टर आहे, पण औषध लिहून देण्याचा अधिकार नसलेला. एम.एस्सी. केली फिजिक्समध्ये आणि पीएच.डी. मेंदूविज्ञानात. लग्नकार्यात हे सांगितलं की समोरचा माणूस जिलेबी संपवतो आणि विचारतो, "मग ते फिजिक्स वायाच गेलं म्हणायचं?"

तर फिजिक्सवाला मेंदूत कसा शिरला, याचं थोडक्यात उत्तर 'काकूमुळं' असं आहे. सविस्तर उत्तर पुढे देतो, कारण दिवाळी अंकाचे संपादक थोडक्यात उत्तर छापायला तयार नाहीत.

माझी महानंदाकाकू चाकूरला राहते. काकांचं तिथं किराणा दुकान. आई-वडील लवकर गेल्यामुळं मी काकूच्या हाताखालीच वाढलो. त्र्याण्णवला लातूरला भूकंप झाला तेव्हा मी नुकताच एम.एस्सी. होऊन गणपतीसाठी घरी आलो होतो. ज्यांची माणसं गेली त्यांच्याविषयी मी लिहीत नाही, तो अधिकार माझा नाही. आमचं चाकूर वाचलं. घराच्या मागच्या भिंतीला एक भेग पडली आणि दुकानातल्या तेलाच्या बरण्या फुटल्या, एवढ्यावर निभावलं.

त्यानंतर अख्खा जिल्हा अंगणात झोपायला लागला. कलेक्टरपासून कंडक्टरपर्यंत सगळे आभाळाखाली. उशाशी प्रत्येकाचं आपापलं यंत्र असायचं. कुणी बाटली उलटी उभी करून ठेवायचं, कुणी ताटल्यांची उतरंड रचायचं. काकूनं स्टीलचा तांब्या काठोकाठ भरून ठेवला होता. पाणी हिंदकळलं की उठायचं.

थंडी पडली तसे लोक एकेक करून घरात गेले. काकू गेली नाही. तिनं अंगणात पत्र्याचं शेड ठोकून घेतलं आणि बाज तिथं टाकली. काका पहिल्या आठवड्यातच आत झोपायला गेले होते. म्हणायचे, "महादेवाला न्यायचंच असंल तर तो अंगणातूनबी नेतो. त्याला का दार उघडावं लागतंय?" काकूचं म्हणणं साधं होतं. रोज हालतंय, मग आत कशाला जायचं?

"काकू, हालत नाही आता."

"तुला कळत न्हाई. मला कळतंय."

मी ताजा एम.एस्सी. होतो. ताज्या एम.एस्सी.ला घरच्या माणसांना गप्प करण्यासाठी यंत्र बनवावंसं वाटतं. काकांच्या दुकानातलं एक जुनं लोखंडी वजन घेतलं, शेडच्या आडव्या वाशाला लांब सुतळीनं टांगलं, त्याच्या बुडाला पेनाची निब बांधली आणि खाली परातीत रांगोळी चाळून पसरली. जमीन हालली की निब रांगोळीत रेघ ओढणार. वारा लागू नये म्हणून भोवती पोतं गुंडाळलं. गल्लीतली माणसं बघून गेली. एकानं त्याला नमस्कारही केला.

दुसऱ्या सकाळी मी पोतं बाजूला केलं. रांगोळी जशीच्या तशी.

"बघ काकू. काही हाललं नाही."

"मला हाललं."

"मग लंबकाला कसं नाही हाललं?"

"ते त्याला इचार."

असं बरेच दिवस चाललं. एकदा मात्र रांगोळीत चांगली ठसठशीत रेघ सापडली. मी चमकलो. रेघेच्या शेवटाला मांजराचं पाऊल होतं. काकू बघून म्हणाली, "मांजराचं कळतंय तुझ्या यंत्राला. माझं तेवढं कळत न्हाई."

पुढच्या जूनमध्ये मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागलो. तेव्हा क्लासेसची नुकती भरती येत होती. आधी भूकंपामुळं लातूरचं नाव झालं आणि मग मेरिट लिस्टमुळं. दोन्हीत पडझड झाली, पण दुसऱ्यात सत्कारही झाले. बारावीचा निकाल लागला की आमच्या क्लासची बँडसकट मिरवणूक निघायची. उघड्या जीपमध्ये पहिला आलेला विद्यार्थी आणि त्याच्याहून उंच फेटा बांधलेले आमचे संचालक सर. रस्त्यात लोकांना नवरदेव कोण, असा प्रश्न पडायचा.

संचालक सरांनी मला पहिल्याच दिवशी धंद्याचा मूलमंत्र दिला होता. "पोरानं काहीही विचारू द्या, 'माहीत नाही' हा शब्द वर्गात काढायचा नाही. पालक फी उत्तराची देतात."

"मग खरंच माहीत नसेल तर?"

"तर म्हणायचं, ते सिलॅबसला नाही."

हे वाक्य म्हणजे रामबाण होता. आकाश निळं का? सिलॅबसला आहे, दोन मार्क. मग जांभळं का नाही? सिलॅबसला नाही. पोरं मान डोलावून पुढच्या गणिताला लागायची. काही वर्षांत ते माझ्या तोंडात इतकं बसलं की भाजीवाल्यानं मेथी कशी दिसतेय विचारलं तरी तेच बाहेर यायचं. मी चांगलं शिकवत होतो. पोरांना उत्तर काढायला नाही, चुकीचे पर्याय खोडायला शिकवत होतो. चारातले तीन खोडले की उरतं ते ज्ञान.

रविवारी मी एसटीनं चाकूरला जायचो. काकू अजून शेडमध्येच होती. घराची भेग बुजवून झाली, रंग झाला, तरी ती आत स्वयंपाक करायची, पूजा करायची आणि दिवा लागला की बाहेर. एकदा जेवताना तिनं विचारलं, "शिवा, तू एवढ्या पोरांला शिकवून राहिलास. एक सांग. जमीन हालत न्हाई म्हणतोस. मग मला हालल्यावानी का व्हतंय?"

माझ्या तोंडून गेलं, "काकू, ते सिलॅबसला नाही."

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "माझ्या तर रोजच्या सिलॅबसला हाय."

काका हसले. मीही हसलो. पण परतीच्या एसटीत ते वाक्य काही उतरेना. सोमवारी मी आमच्या बायोलॉजीच्या सरांना गाठून विचारलं, माणसाला तोल कशानं कळतो? ते म्हणाले, "कानानं. आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात पाणी. एक मार्क." आणि पुढं? "पुढं मेंदूत जातं. तिथून पुढं सिलॅबसला नाही."

मी त्यांचं पुस्तक मागून घेतलं. आम्हा फिजिक्सवाल्यांना एक माज असतो. जीवशास्त्र म्हणजे पाठांतर, असं आम्ही धरून चालतो. पण त्या नळ्यांचं चित्र बघितलं आणि मी खुर्चीत सरळ झालो. हे तर माझंच गणित होतं. गोल नळीत पाणी भरा आणि नळी फिरवा. पाणी आधी मागं राहतं, म्हणून फिरल्याचं कळतं. सारखी एका गतीनं फिरवत राहिलात की पाणीही नळीबरोबर फिरायला लागतं आणि माणसाला वाटतं आपण स्थिर आहोत. मग नळी एकदम थांबवा. पाणी पुढं पळत राहतं आणि थांबलेल्या माणसाला आपण उलटं फिरतोय असं वाटतं. जत्रेतल्या पाळण्यातून उतरलेल्या प्रत्येकानं हे भोगलेलं असतं. म्हणजे खरी गोष्ट एक आणि कळलेली दुसरी, आणि दोन्हीला सूत्र आहे.

त्याच सुमारास पेपरात बंगळूरच्या एका संस्थेची जाहिरात दिसली. मेंदूविज्ञानाच्या पीएच.डी.साठी भौतिकशास्त्राच्या पदवीधरांनाही अर्ज करता येईल, असं तिच्यात होतं. मी ती जाहिरात संचालक सरांना दाखवण्याची चूक केली.

"मेंदू?" ते म्हणाले. "मेंदू बारावीला किती मार्काला आहे माहितीय का? त्याच्यासाठी फिजिक्सचे पीरियड सोडता? तुमचा फोटो यंदा होर्डिंगवर टाकणार होतो आपण."

"सर, एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर हवंय."

"आम्हाला विचारा की."

मी विचारला नाही. उत्तर मला पाठ होतं.

लेखी परीक्षेत मी अस्सल लातूरकरासारखा वागलो. 'चालताना माणूस का पडत नाही, तुमच्या शब्दांत लिहा' असा प्रश्न होता. मी डाव्या बाजूला 'दिलेले', त्याखाली 'काढायचे', त्याखाली 'सूत्र' लिहून पाहिलं. दिलेलं काहीच नव्हतं. पर्यायही नव्हते, नाहीतर निदान तीन खोडले असते. तरी मुलाखतीचं बोलावणं आलं. पेपर तपासणाऱ्याला करमणूक हवी असावी.

मुलाखतीला पाच जण बसले होते. मधल्या बाईंचे केस पिकलेले आणि पायात रबरी चप्पल. होर्डिंग आणि फेटे बघून आलेल्या मला त्या कार्यालयातल्या कुणीतरी वाटल्या. त्या संस्थेच्या प्रमुख होत्या. त्यांनी विचारलं, मेंदूविज्ञान म्हणजे काय? मी व्याख्या सांगितली आणि तिचे मुद्दे बोटांवर मोजून दाखवले. करंगळीपर्यंत आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"हे सगळं आमच्याच माहितीपत्रकात आहे. तुम्हाला स्वतःला काय विचारायचं आहे?"

खिडकीबाहेर कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं. इथं चुकलो तर जूनमध्ये पुन्हा फळा, पुन्हा मिरवणूक, आणि रविवारी काकूसमोर जेवायला बसायचं. मी मोडक्या इंग्रजीत काकूची गोष्ट सांगायला लागलो. तांब्या सांगितला, रांगोळीची परात सांगितली, मांजरसुद्धा सांगितलं. एक गंभीर गृहस्थ मांजराला हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग चूक कोण? काकू की लंबक?"

संचालक सरांचं वाक्य जिभेवर आलंच होतं. मी ते गिळलं आणि म्हणालो, "माहीत नाही."

क्लासला लागल्यापासून हे दोन शब्द मी कुणासमोर काढले नव्हते. छाताडावरचं ओझं उतरावं तसं झालं. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं जीवशास्त्र शून्य आहे."

"हो."

"ते शिकता येतं. काकूंचा प्रश्न घेऊन या."

तिथं प्रवेश काकूच्या प्रश्नाला मिळाला. त्याच्या सोबतीला मी गेलो.

पहिलं वर्ष माझा माज उतरवण्यात गेलं. मेंदूतल्या भागांची शेकडो लॅटिन नावं पाठ करायची होती, आणि वर्गातली विशीतली पोरं ती पाणी प्यायल्यासारखी म्हणत. पाठांतराला हसणाऱ्या मी शेवटी त्या नावांच्या ओव्या रचल्या. पुढं मेंदू हातात घेऊन बघायची वेळ आली. संस्था खाटकाकडून बकऱ्याचे मेंदू आणत असे. आमच्या लिंगायत घरात अंडंसुद्धा उंबरठ्याच्या आत आलेलं नाही. मी हातमोजे घालून महादेवाची क्षमा मागितली आणि सुरी चालवली. रविवारी बूथवरून काकूला फोन केला.

"काय करून राहिलास तिथं?"

"बकऱ्याचा मेंदू बघतोय."

पलीकडून लगेच काकू म्हणाली, "बकऱ्याला कुठला मेंदू? असता तर खाटकाच्या मागं गेला असता का?"

फिजिक्स कामाला आलं ते दुसऱ्या वर्षापासून. मेंदूची पेशी म्हणजे शेवटी वीज साठवणारी पिशवी. तिचं गणित मला यायचं आणि पोरांना घाम फुटायचा. पण मोठी गोष्ट मला गणितानं शिकवली नाही. ती मी तोल मोजायच्या पाटावर शिकलो. त्या पाटावर माणसाला उभं केलं की त्याचं वजन कुठं सरकतंय ते पडद्यावर दिसतं. मी स्वतः उभा राहिलो, अगदी पुतळ्यासारखा. पडद्यावरचा ठिपका सारखा झुलत होता. म्हणजे कुणीच कधी स्थिर नसतं. नाडी उडते, श्वास चालतो, आपण सारखे डुलत असतो. मेंदू ते हिशेबात धरून गप्प राहतो, कारण त्याचा जमिनीवर भरवसा असतो.

काकूच्या मेंदूचा तो भरवसा एका पहाटे गेला होता. एखादा गुरखा एकदा झोपला आणि त्याच दिवशी चोरी झाली, तर पुढं तो मांजर गेलं तरी शिट्टी मारतो. तसं तिचं झालं होतं. बाजेवर पडलं की स्वतःच्या नाडीचा ठोकाही तिला जमिनीचा वाटायचा. लंबक खोटं बोलत नव्हता. त्याला मी जमिनीबद्दल विचारलं होतं. काकू मात्र स्वतःबद्दल सांगत होती, आणि हालत तर ती खरंच होती.

हे सगळं मी सुट्टीत तिला समजावून सांगितलं. तिनं शेंगा फोडत ऐकून घेतलं.

"म्हंजी मी येडी न्हाई."

"नाही."

"हे सांगायला तुला बंगळूरला जावं लागलं?" ती म्हणाली. मग टरफलं झटकून, "आता आत कसं जायचं ते सांग."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती हे म्हणाली होती. मी गोधडीची जाड घडी अंगणात टाकली. तिच्यावर उभं राहायचं, कपड्यांच्या दोरीला एक हात लावून डोळे मिटायचे. पाय लटपटतात, मेंदू ओरडतो आणि काही होत नाही. रोज थोडं थोडं असं केलं की गुरख्याला पुन्हा मांजर ओळखू यायला लागतं. आणि हाललं वाटलं की तांब्यातल्या पाण्याकडं बघायचं. तोच तांब्या, पण आधी तो घाबरवायला होता. आता त्याला साक्षीदार केला. डोळ्यांना स्थिर पाणी दिसलं की मेंदूला एक खरा माणूस भेटल्यासारखं होतं.

गल्लीला वाटलं, काकूनं नवा नेम धरला. दोघी-तिघी वसा समजून त्यात सामीलही झाल्या. काकूची बाज शेडमधून ओसरीवर आली, ओसरीवरून चौकटीत. तिथं ती पुष्कळ दिवस अडली. डोकं आत, पाय बाहेर. काका जाता-येता तिला ओलांडून जायचे. म्हणायचे, "लग्न होऊन आली तव्हा एका दिवसात आत आल्ती. आता वरसं लावून राहिली." पुढं एका संक्रांतीला मी घरी गेलो तर चौकट मोकळी होती. बाज आतल्या खोलीत, उशाशी तांब्या. तिनं तिळगूळ नेहमीपेक्षा जास्त दिला.

त्यानंतर मी नांदेडला आलो आणि ही खुर्ची मांडली. अंधारात माणसाला हळूहळू फिरवायचं आणि चष्म्यातल्या कॅमेऱ्यानं डोळ्यांची हालचाल टिपायची. डोकं उजवीकडं वळलं की डोळे डावीकडं सरकायला हवेत. नाही सरकले तर बिघाड कुठं आहे ते समजतं. एकदा एक मोठे पुढारी आले, सोबत गाड्या, माणसं, हार. त्यांना स्टेजवर चक्कर यायची. सगळ्या तपासण्या केल्या, कान ठणठणीत निघाले. शेवटी विचारलं, नेमकी कधी येते? त्यांच्या ड्रायव्हरनंच सांगून टाकलं, "सत्काराला सायबांचं नाव दुसऱ्या नंबरला घेतलं की." त्यावर मेंदूविज्ञानात उपाय नाही, पण मी गोधडी सुचवली.

नायगावची एक मुलगीही लक्षात राहिली. नांदेडच्या होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायची. सराव परीक्षेच्या दिवशी तिला गरगरायचं. मी विचारलं, "काय होतं नेमकं?" ती वाट बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "सर, ऑप्शन्स काय आहेत?"

मला माझाच फळा दिसला. मी खुर्ची बंद केली, दिवा लावला आणि म्हणालो, "ऑप्शन नाहीत. तुझ्या शब्दांत सांग." तिला बराच वेळ लागला. त्या दिवशी बाहेरच्या पेशंटांनी आरडाओरडा केला, पण ती बोलली, आणि बोलता बोलता माझ्या यंत्रापेक्षा जास्त सांगून गेली. आमचे संचालक सर आता नाहीत, त्यांचा फोटो मात्र होर्डिंगवर अजून आहे, हार घालून. मला त्यांचा राग नाही. त्यांनी दिलेलं वाक्य गिळता आलं म्हणून तर मी इथवर आलो.

काका गेले. त्यानंतर काकू सणाला नांदेडला माझ्याकडं येते. मी तळमजल्यावर राहतो, डोक्यावर तीन मजले. यंदा दसऱ्याला पुरणपोळी झाली, दुपारी दोघंही समोरच्या खोलीत आडवे झालो, ती पलंगावर, मी सतरंजीवर. डोळा लागतच होता आणि पाठीखालची फरशी हालली. मी ताडकन उठून बसलो.

"काकू, हाललं."

काकूनं डोळे न उघडता उशाशी बोट केलं. "पाणी बघ."

मी तांब्याकडं बघितलं. काठोकाठ भरलेलं पाणी काचेसारखं स्थिर होतं.

"पण मला हाललं गं. खरंच."

"आसंल."

"मग असं का वाटलं?"

काकूनं कूस बदलली. "शिवा, ते सिलॅबसला न्हाई. झोप."

मी तसाच बसून पाण्याकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं, तीन मजल्यांच्या स्लॅबखाली, काकू घोरायला लागली.